तिसऱ्या वर्षाचं टेबल

ताराता, १४ सप्टेंबर

चि. अरासेलीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

विलफ्रेदोच्या बसबरोबर हे पत्र पाठवते आहे. मी फोन का उचलत नाही, असं तू त्याला विचारलंस म्हणे. कारण सोपं आहे. तुझा फोन तुझा नाही, कंपनीचा आहे. मागच्या खेपेला मी गुडघ्याचं सांगत होते आणि मध्येच तू म्हणालीस, 'एक मिनिट बाई, आपली तक्रार नोंदवून घेते.' मी तुझी आई आहे. माझ्या गुडघ्याची तक्रार स्पेनच्या विमा कंपनीकडे जायला नको.

मीही आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसले. पण पाळी संपली की ते खुंटीला अडकवायचं, आणि माझ्या खुर्चीत बेनिता बसायची. गाव बोलत राहायचं, माझ्या कानात नाही. त्याआधी कॉन्व्हेंटमध्ये मदर क्लोटिल्डेंनी सवयच लावली होती. घंटा झाली की अर्धं अक्षर कागदावर असलं तरी लेखणी खाली. तुमच्या कंपनीत घंटा नसावी. असती तरी ती तुलाच वाजवायला लावली असती.

आता मुद्द्याचं. आत्म्यांचा सण जवळ आला. बाबा गेल्यापासून त्यांच्या आवडीचं वाढून आपण मांडणार ते हे तिसरं टेबल, आणि तीनच मांडतात, म्हणजे शेवटचं. पहिल्या वर्षी तुला रजा मिळाली नाही. दुसऱ्या वर्षी तू बसस्थानकापर्यंत येऊन परत फिरलीस, कारण माद्रिदमध्ये वादळ झालं आणि तिथली छपरं गळायला लागली. एक नोव्हेंबरला दुपारी बाराला बाबा येतील, दोन तारखेला बाराला जातील. यंदा निरोप दिला की पुन्हा आपल्या टेबलाशी यायचे नाहीत. मग तू कुणाला भेटणार, माद्रिदच्या छपरांना?

उत्तर हातानं लिही. माया आहेच, रागही आहे. दोन्ही घ्यायला ये.

तुझी आई,
एदुविजेस

•

सांता क्रूझ, २५ सप्टेंबर

ती. आईस,
अरासेलीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसले, आणि मग बराच वेळ हसले नाही. अख्ख्या ताराताची भांडणं फुकट ऐकून पेन्शन खाणाऱ्या बाईनं फोनला नावं ठेवावीत, हे मात्र जरा जास्त झालं.

आई, माझीही पाळी संपते. काम संपत नाही, एवढंच. तिकडे उजाडतं तेव्हा इकडे मध्यरात्र असते, त्यामुळे दिवस कुठं सुरू होतो हेच कळेनासं झालंय. भात टाकला की इरियार्ते साहेबांचा निरोप येतो. ते वाईट नाहीत. नेहमी 'फक्त एवढंच' म्हणतात. त्या एवढ्याशाच्या नादात भात करपतो. परवा चर्चमध्ये मिसाला फादर 'तुमच्यावर शांती असो' म्हणाले, तर मी 'तुमच्यावरही असो' म्हणायच्या ऐवजी 'आणखी काही मदत करू का' म्हणाले. पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून पाहिलं.

गेल्या आठवड्यात ओव्हिएदोच्या एका म्हाताऱ्या बाईचा फोन आला. स्वयंपाकघरात पाणी शिरलं होतं. ती बोलत होती आणि मागे झाकण थडथडत होतं, आपल्या मोठ्या पातेल्याचं थडथडतं तसंच. मी तिला विचारलं, काय शिजतंय. असं विचारायचं नसतं. बोलणी खाल्ली. पण ती म्हणाली, मसूर, आणि मला आपल्या चुलीपाशी बसल्यासारखं वाटलं.

रजेचा अर्ज करते आहे. बाबांना सांग, यंदा येते.

मायेत काटछाट नको.

तुझी,
अरासेली

•

ताराता, ९ ऑक्टोबर

चि. अरासेलीस, आशीर्वाद.

अर्जात 'शक्य असल्यास' लिहिलं असशील तर खोडून टाक. बाप काही शक्य असल्यास मेला नव्हता.

बेकरीवाल्या होविताकडे भट्टी सांगून ठेवली आहे. पावाची बाळं, शिडी, घोडा, सगळं करणार. बाबांच्या नावाचं जे पावाचं बाळ, त्याला मातीचा चेहरा बसवायचं काम तुझं. गेल्या वर्षी मी बसवला तर तो चेहरा सरळ त्यांच्या भावाचा दिसायला लागला, आणि त्या दोघांचं तर आयुष्यभर पटलं नाही. त्यांना आवडायचं तसं गाईच्या जिभेचं तिखट कालवणही करीन, पिवळी मिरची सढळ हातानं घालून. डॉक्टरांना आता काही बोलता येणार नाही.

तुझ्या खोलीतल्या गादीला ऊन दाखवलं.

आई

•

सांता क्रूझ, २० ऑक्टोबर

ती. आईस, सा. न. वि. वि.

रजा मिळाली. ३१ तारखेला दुपारी विलफ्रेदोच्या बसनं पोचते. एकच अट आहे. फोन चालू ठेवायचा आणि कानाला लावायचं यंत्र बरोबर आणायचं. काही अडलं तरच विचारतील असं साहेब म्हणाले. तू रागावशील, पण येऊ तरी दे. मिरची माझ्यासाठीही सढळ घाल.

तुझी,
अरासेली

•

ताराता, ८ नोव्हेंबर

चि. अरासेलीस,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याची खबर विलफ्रेदोकडून कळली. तू घाईत गेलीस, म्हणून जे तुला माहीत नाही ते लिहिते.

तू आलीस, चेहरा बसवलास, आणि तो खरोखर बाबांचा वाटला. मिशीसुद्धा. बसवताना गळ्यातलं कंपनीचं कार्ड सारखं पिठात लोंबत होतं. दुसऱ्या दिवशी ते भुईमुगाच्या सूपमध्ये बुडालं. दोन तारखेला सकाळी तू टेबलावर फुलं मांडत होतीस तेव्हा मीच ओरडले, ते दावं आधी गळ्यातून काढ. तू काढलंस. तेवढ्यात फोन वाजला, आणि ते बाबांच्या फोटोशेजारी, पावांमध्ये ठेवून तू मागच्या अंगणात अंजिराच्या झाडाखाली गेलीस. तेच कार्ड, तुझा हसरा फोटो, खाली पूर्ण नाव, काळी फीत.

मग प्रार्थना म्हणणारी माणसं आली. आपल्या गावातली नव्हती. एक म्हातारा आणि त्याच्या दोन बहिणी, घरोघर म्हणत पाव गोळा करत निघालेले. मी आत मक्याची दारू, चिचा, गाळत होते. त्यांनी कुणाला विचारलं नाही, टेबलावर दिसलं ते धरलं. बाबांसाठी म्हणून झालं. मी ताटात पाव घेऊन बाहेर आले तर म्हातारा टोपी छातीशी धरून म्हणत होता, 'आणि या घरच्या अरासेलीच्या आत्म्यासाठी.'

मी तोंड उघडलं होतं. पण सुरू झालेली प्रार्थना आपल्याकडे कुणी तोडत नाही, हे तुला ठाऊक आहे. मी ताट घेऊन उभी राहिले. तो म्हणाला, हे प्रभो, तिला चिरशांती दे. आणि सवयीनं माझ्या तोंडून उत्तर गेलं, अनंत प्रकाश तिच्यावर पडो. तीनदा तो म्हणाला, तीनदा मी उत्तर दिलं.

धाकट्या बहिणीनं माझा दंड धरला आणि हळूच विचारलं, एवढी तरुण पोर, कशानं गेली.

मी म्हणाले, 'कामानं.'

ती मान हलवत होती तोवर अंगणातून तू आत आलीस, फोन कानाला, डोळे कुठंच नाहीत. आमच्या मधून गेलीस. कुणाला तरी सांगत होतीस, 'मी इथंच आहे साहेब, मी इथंच आहे.' त्या बाईनं क्रूस केला आणि भिंतीला टेकली. मोठीला मात्र कळलं असावं. तिनं माझ्याकडे पाहिलं. तुझ्या नावाचा पाव मी तिच्या टोपलीत ठेवला, तिनं घेतला.

त्यानंतर बाराची घंटा झाली. मी आणि त्या तिघांनी टेबल उचललं. बाबा गेले. तू खोलीतून बाहेर येऊन विचारलंस, झालं का. मी झालं म्हणाले.

मी चिडून लिहितेय असं समजू नकोस. चिडणं मला जमतं, ते सोपं असतं. तू सांता क्रूझला असतेस तेव्हा मी तुझी वाट पाहते, ती सवयीची झाली आहे. पण या दोन दिवसांत तू माझ्यासमोर बसली होतीस आणि मी जेवढी वाट पाहिली, तेवढी कधी पाहिली नव्हती.

कार्ड तू विसरलीस. या पत्राबरोबर पाठवते आहे, एक पावाचं बाळही. मऊ आहे तोवर खा. पुढच्या वर्षी तुझं पहिलं टेबल मांडू का, ते कळव. जिवंत माणसासाठी मांडत नाहीत म्हणून फादर हरकत घेतील. त्यांच्याकडे मी बघून घेईन.

आईची माया आहे. ती कुठं पोचवायची, तो पत्ता तेवढा लिही.

एदुविजेस

•

सांता क्रूझ, २० नोव्हेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

टेबल मांडू नकोस.

तुझं पत्र कंपनीच्या पायरीवर बसून वाचलं. कार्डाशिवाय दार उघडत नव्हतं. मग पाकिटातून कार्ड हातात आलं तरी मी तिथंच बसले, आणि पाव खाल्ला. आधी पाय, मग पोट, लहानपणी खायचे तसा. चेहरा खिशात ठेवला आहे.

नोकरी सोडली असं लिहिता आलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. सोडली नाही, भाडं आहे. पण इरियार्ते साहेबांना सांगितलं, रविवारी मी नसेन. त्यांनी विचारलं, कुठं असाल. म्हटलं, घरी. ते म्हणाले, घरी फोन लागतो की. म्हटलं, आमच्या घरी लागत नाही. त्यांना आवडलं नाही. पुढच्या वेळी पगार वाढवताना ते हे विसरणार नाहीत. नाही विसरले तर नाही.

बाबांना निरोप द्यायचा राहिला, तो आता राहिलाच. कबरीपाशी जाऊ, तिथं तू बोल, मी ऐकेन.

या शनिवारी रात्री निघते. फोन शेजारच्या फेलिसाबाईच्या कपाटात ठेवणार आहे. वाजला तर वाजू दे, असं तिला सांगितलंय. त्यामुळे बस रखडली तरी तुला कळवता येणार नाही. बाबांचा ट्रक डोंगरात अडकायचा तेव्हा दारात बसायचीस, तशी बस.

विलफ्रेदो म्हणतो, रविवारी दुपारी बारापर्यंत पोचवतो. त्या वेळेला येणाऱ्यांसाठी दार उघडं ठेवायचं तुला सांगायला नको. फक्त ताटात नीट वाढ. ती वरची माणसं नुसता वास घेऊन जातात. मी जेवणार आहे.

तुझी,
अरासेली