दिवेलागणीच्या आधीचा उजेड

प्रिय आई,

उद्या दादा बाबांना बदलापूरच्या वृद्धाश्रमात ठेवणार होता. मी त्याला थांबवलंय. का थांबवलं ते तुला सांगायलाच हवं, कारण त्यात तुझाही हात आहे.

तू गेल्यावर तेरा दिवस घरात माणसं होती, तुझ्या जागेवर दिवा तेवत होता, बाबा शांत होते. तेरावं उरकलं, पाहुणे कणकवलीला परतले आणि दुसऱ्याच संध्याकाळी बाबा कासावीस झाले. कधी दार उघडायचे, कधी गॅलरीत जायचे. "गो बाय, तुझी आवस खंय गेली? काळोख झालो, ती अजून येवंक नाय." मग हे रोजचंच झालं. एकदा तर अनवाणी चिवडा गल्लीपर्यंत पोचले. दादा दमला गं. त्याला बोल लावू नकोस.

माझं काम तुला कधी नीट कळलं नाही. "पोर माशांचा अभ्यास करते, पण खायच्या नव्हे," असं तू शेजारच्या काकूंना सांगायचीस, जरा नाराजीनेच. परळच्या आमच्या प्रयोगशाळेत माशांची आठवड्याभराची पिल्लं असतात, जिऱ्यापेक्षाही बारीक. उजेडात ती निवांत असतात. दिवा एकदम घालवला की सैरावैरा पळत सुटतात आणि बऱ्याच वेळाने निवतात. परवा नव्याने आलेल्या मुलीला हे दाखवत होते. तिने विचारलं, "मॅडम, घाबरतात का ती?" म्हटलं, घाबरतात की नाही ते आपल्याला ठाऊक नाही, बहुधा उजेड शोधतात. दिवा हळूहळू मंद केला तर एवढी धांदल उडत नाही. हे सांगता सांगता मला तू आठवलीस.

उन्हं कलायच्या आत तू घरभर दिवे लावायचीस, अगदी बाथरूममध्येसुद्धा! समोरचा टॉवर उभा राहिल्यापासून तर चहाच्या आधीच. मी चिडवायचे, "लक्ष्मी बाथरूममधून येणार आहे का?" तू म्हणायचीस, "येऊ दे की, तिला काय कुठूनही चालतं." आम्ही हसून सोडून द्यायचो.

ते लक्ष्मीसाठी नव्हतंच ना? काळोख पडला की बाबांना तेव्हापासूनच सुधरत नव्हतं, आणि तू ते उजेडाने झाकत होतीस. आम्हाला का नाही सांगितलंस? इतके परके होतो का आम्ही? मला तुझा राग आला. अजूनही आहे थोडा.

काल ऊन असतानाच घरी आले आणि सगळे दिवे लावले. बाहेर कधी अंधारलं ते बाबांना कळलंच नाही. खुर्चीत बसून होते. एकदाच विचारलं, "आवस खंय?" मी म्हटलं, "बाबा, आई गेली ना." "होय," म्हणाले आणि थोड्या वेळाने चहा मागितला.

दादा बघत होता. म्हणाला, "एका संध्याकाळवरून काय ठरतं? तुझे मासे वेगळे, माणूस वेगळा." खरं आहे त्याचं. एका ताटलीतल्या पिल्लांवरून मीही कुणाला निष्कर्ष काढू देत नाही. पण महिनाभर थांबायला तो तयार झाला. प्रयोगशाळेतली माझी संध्याकाळची कामं आता दुसऱ्या कुणालातरी द्यावी लागतील. जड जाईल, पण देईन.

उजेडावर किती दिवस निभावेल ते ठाऊक नाही. बाबांचा हा विसरण्याचा आजार वाढत जाणार, असं डॉक्टर म्हणालेत. म्हणून तुला शब्द देते. दिवे मी तुझ्यासारखेच लावीन. पण ज्या दिवशी ते लावूनही बाबा दाराकडे धावतील, त्याच दिवशी दादाला सांगेन. एकटीने झाकत बसणार नाही. तू बसलीस, आणि बाबांच्या आधी तूच संपलीस.

तुझ्यावर रागावलेली, तुझीच
सुमन