आडवी काठी

॥ बिरोबा प्रसन्न ॥

बारामती,
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

चि. दादासोस सुकन्याअक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे घरी सगळे ठीक. तिकडे इंदापूरला सार्थकचा खोकला गेला का? श्रेयाला सांग, ओवा तव्यावर गरम करून फडक्यात बांधून छाती शेक, सारख्या बाटल्या आणू नको. आबा दोन्ही वेळ भाकरी खातात.

फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर तू पहिल्याच वाक्याला चिडतोस आणि माझं बोलायचं राहून जातं. रविवारी जीप घेऊन आबांना न्यायला येतो म्हणालास. तुझ्या ओसरीत पलंग टाकलायस, टीव्ही लावलायस, आता त्यांनी जागचं हलायचं नाही म्हणतोस. तुझी माया कळते. पण आधी हे वाच.

आमच्या दारासमोरचा रस्ता रुंद झाला, हे तू पाहिलंस. पलीकडे बिरोबाचं देऊळ, त्याला लागून चालायची नवी बाग, आणि मधे दुभाजक. देवळासमोर दुभाजकात एक फट सोडली होती, ती बुजवायचं चाललं होतं. ती बुजली, की मोठ्या चौकाला वळसा, नाहीतर रिक्षा. समोर दिसणाऱ्या देवाला रिक्षाने जायचं, हा खर्च मी कुठल्या रकान्यात लिहू?

आबा न्हाणीत घसरले, असं मी तुला सांगितलं. तसं झालं नाही. त्या फटीपाशी त्यांना मोटारसायकल लागली. मेंढरं असताना करायचे तेच त्यांनी केलं. डांबरावर उतरले, काठी आडवी धरली आणि चालू लागले. मेंढरं विकून वर्षं लोटली, पण हात विसरला नाही. दवाखान्यात मला म्हणाले, "मेंढरं असली की गाड्या थांबत्यात गं. येकट्यासाठी कोन थांबतंय?"

डावं मनगट मोडलं. तुला कळलं असतं तर तू त्याच संध्याकाळी त्यांना घेऊन गेला असतास, म्हणून बोलले नाही. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण साखर आहे. यांना बसवून ठेवू नका, रोज चालवा.

अपघात झाला तसं रस्त्याचं काम बघणाऱ्या साहेबांना फट बुजवायला कारणच मिळालं. आम्ही गल्लीतल्या बायका अर्ज घेऊन गेलो, की फट राहू द्या, पट्टे मारा, गतिरोधक करा. साहेब म्हणाले, त्याने गाड्या हळू होतील. शेजारची नसरीन म्हणाली, "मग हू द्या की. गाडी हळू चालली तर तिची काय साखर वाढतीय व्हय?" साहेब हसले, पण विचारलं, इथून रोज ओलांडतं तरी कोण? आता भीतीने कुणी ओलांडत नाही, त्याला आम्ही काय करायचं? मी म्हटलं, या बघायला.

शुक्रवारी सकाळी साहेब आले. मी आबांच्या उजव्या हातात काठी दिली आणि म्हटलं, "आबा, चला. मेंढरं आणलीत."

त्यांनी वळून पाहिलं. सगळी गल्ली उभी होती. बुरख्यातली नसरीन, तिची सासू, एका हाताने गुडघा धरून भामाबाई, दुसऱ्या हातात भंडाऱ्याची वाटी. आबा म्हणाले, "लंगडं कोकरू मधी घ्या." भामाबाई पुटपुटली, की हा माझ्याहून ल्हान, आन् मला कोकरू म्हणतोय.

आबा डांबरावर उतरले. काठी आडवी. उसाचा ट्रॅक्टर थांबला, त्याच्यामागे सगळी रांग थांबली. कुणी हॉर्न वाजवला नाही. भामाबाई पार जाईपर्यंत आबांनी काठी खाली घेतली नाही.

फट राहणार. पट्टे आणि गतिरोधकाचं मी तिथेच साहेबांकडून लेखी घेतलं, तोंडच्या शब्दावर उठले नाही. उशीर केला तर आम्ही रोज तशाच ओलांडू.

रविवारी जरूर ये. जीप मात्र अलीकडे, आमच्या दाराशी लाव. नारळ घे आणि लहानपणी कळपामागे चालायचास तसा आबांच्या मागे चालत ये. पलीकडे पोचलात, की त्यांना विचार, इंदापूरला येता का. अलीकडे विचारू नको.

आबांना बसू न देणारी
तुझी अक्का