वरच्या मजल्याचं पाणी

आई, राजापेठेतल्या आपल्या भाड्याच्या खोल्यांची मागची गॅलरी आठवते तुला? खालून घरमालकीण काकू हाक मारायच्या, तू दोरीला बांधलेली पितळी बादली खाली सोडायचीस, आणि ती वर यायची तेव्हा तिच्यात कधी ताकानं भरलेला लहानसा गंज असायचा, कधी कढीपत्ता. बाबा गेले त्या महिन्यात तू बादली सोडलीच नाहीस. भांडी पोत्यात भरायला घेतलीस. खोल्या त्यांच्या नावावर, आता कोणत्या तोंडानं राहायचं, असं तुझं म्हणणं. काकू जिना चढून आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तुले कोणी जा म्हटलं काय व? मंग काहून भांडे बांधून राहिली? पोरीच्या शाळेचं काय?" तू पदरात तोंड घातलंस, हसत होतीस की रडत, मला कळलं नाही. त्या घरातूनच माझी कॉन्व्हेंटची शाळा पूर्ण झाली.

आता अकोल्यात मी घरमालकीण आहे. वरच्या मजल्यावर कितीतरी वर्षांपासून रजया शिवणारे चाचा आणि त्यांची बायको, आमच्या चाची, भाड्यानं राहत होते. गेल्या महिन्यात चाचा गेले. चाची इद्दतीत आहेत; ठरलेले दिवस सरेपर्यंत त्या घराबाहेर पडत नाहीत. मागच्या आठवड्यात माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर एक प्लास्टिकची बादली दोरीवर लोंबत आली. वरून आवाज, "बाई, नळ नाही आला काय? जरासं पाणी टाकता?" इथे नळ रोज येतोच कुठे! मी साठवणीतलं पाणी भरून दिलं. दुसऱ्या दिवशीही दिलं. तुझी आठवण येऊन मला उलट बरंच वाटत होतं. मग एका सकाळी नळ आला, आमच्या टाकीत पाणी पडायला लागलं, आणि तरीही खिडकीत ती बादली. मी जिन्याखाली जाऊन पाहिलं. वर जाणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह पान्यानं आवळून बंद केलेला होता.

मुलगा जेवत होता. "मीच केला," पोळी मोडता मोडता तो म्हणाला. "करार चाचांच्या नावावर होता. चाचा गेले, विषय संपला. पाणी नाही म्हटल्यावर चाची जातील भावाकडे तेल्हाऱ्याला. सगळेच असं करतात, आई. तू काहून एवढी घाबरून राहिली?" मी घाबरले नव्हते. हा माझा मुलगा? चाचांनी शिवलेल्या रजईत लहानपणी झोपलेला?

गल्लीतल्या वकीलबाईंना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, भाडेकरू वारला तरी सोबत राहणाऱ्या बायकोचा हक्क संपत नाही, आणि पाणी तोडणं हा तर गुन्हाच. मालकाला शिक्षा होऊ शकते. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा त्यानं पाना माझ्यापुढे ठेवला. शिक्षेच्या भीतीनं ठेवला, आई. ते जास्त लागलं.

व्हॉल्व्ह मी माझ्या हातानं उघडला आणि वर गेले. "चाची, वॉशर गेलं होतं," म्हटलं. चाची वरच्या टाकीत पडणारं पाणी ऐकत होत्या. "हो बाई," म्हणाल्या. मग हळूच, "पाना फिरवल्याचा आवाज वर येते. पोट्ट्याले रागावू नका."

हे पत्र कोणत्या पत्त्यावर टाकू? तुझ्या पितळी बादलीत ठेवते. बादली माझ्या मागे नातीला, मुलाच्या लेकीला, दोरीसकट. पाना चाचींना देऊन टाकलाय. भाडेपावती यापुढे त्यांच्या नावानं, आणि त्या आहेत तोवर वरचा मजला त्यांचा. घर शेवटी मुलालाच जाईल, दुसरं कोण आहे मला! आणि एक कबूल करते, आई: त्या दिवशी, त्याचं सगळं ऐकून झाल्यावरही, मी त्याला दुसरी पोळी वाढली. तूप लावून.