माळवदावरची माती

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन अजून वर्षही झालं नाही. आज साइटवर मालकाशी भांडून आले आणि घरी आल्यावर तुमच्याशिवाय कुणाला सांगावंसं वाटेना. तुम्ही असता तर म्हणाला असता, "लई तोंड चालतंय तुझं."

लातूरला पोरींचं होस्टेल बांधतेय मी. मुखेडहून, शिरूर अनंतपाळहून पोरी येतात, क्लास लावून डॉक्टर व्हायला. मलाही तुम्ही त्याचसाठी पाठवलं होतं ना? मी सिव्हिल घेतलं तर त्या दिवशी जेवलाच नाहीत. "घरं बांधायला कशाला शिकती? घरंच माणसं खातेत," म्हणालात.

शेवटचा स्लॅब झालाय. मालक म्हणाला, "मॅडम, गच्चीवर माती टाकून बाग करू. मातीनं काय होतंय?"

मला आपल्या जुन्या घराचं माळवद, ते मातीचं सपाट छत आठवलं. दर उन्हाळ्यात तुम्ही त्यावर पांढरी माती टाकायचात, पावसात गळू नये म्हणून. जुनी कुणी काढत नव्हतं, वर नवी पडायची. सगळं गाव तसंच करायचं. त्या वर्षी आक्काच्या अंथरुणावर गळत होतं, म्हणून तिथं जास्तच टाकलीत. पावसाळा सरता सरता भूकंप झाला आणि माझी थोरली बहीण त्याच मातीखाली गेली.

त्यानंतर तुम्ही छताखाली झोपला नाहीत. मी बांधलेल्या घरातसुद्धा नाही. अंगणात पत्र्याखाली तुमची बाज. किती राग यायचा मला! एकदा तरी आत झोपायचं होतंत, अण्णा.

मी साइट मॅनेजर झाले तेव्हा तुम्ही विचारलंत, "तू शिकलीस. खरं सांग, माझ्या मातीनंच गेली का आक्का?"

"न्हाई अण्णा, भिंतीच कच्च्या होत्या."

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. "हाव," म्हणालात आणि बाज झटकायला उठलात. भिंती कच्च्या होत्याच, पण वरचं ओझंही होतं. तुम्हाला ते माझ्याआधी कळलं होतं.

मालक चिडलाय, काम काढून घेईन म्हणतो. घेऊ दे. मी तिथं उभी आहे तोवर त्या पोरींच्या डोक्यावर पाटीभर माती चढू देणार नाही, हा शब्द तुम्हाला.

आणि तेव्हा सांगायचं राहिलं ते आज सांगते. माती तुम्हीच टाकली होती, अण्णा. आक्का भिजू नये म्हणून टाकली होती.

तुमची,
धाकटी