सेन्सेईंच्या तलवारीवरचं कुंकू

२८ सप्टें., रवि.
जपानी तलवारीच्या क्लासनंतर सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या गुरुजींनी, स्वतःची तलवार माझ्या हातात दिली. खरी. सहा वर्षं बोथट पात्यावर काढली मी! सेन्सेई ऐंशीचे, हात थरथरतात, तेल लावणं जमत नाही. पंधरवडाभर सांभाळ म्हणाले, मग ठरवू. त्यांच्या मुलाला रस नाही. म्हणजे नीट राखली तर कायमची माझ्याकडे. त्यांचे खापरपणजोबा एका सरदाराच्या पदरी सामुराई. काम एकच, धन्याची तलवार राखायची. आता तेच काम इथे परदेशात, गिरावीन उपनगरातल्या टू-बेडरूममध्ये, आयटीतल्या कुलकर्ण्याकडे.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
पूजेत लॅपटॉप, पाना, बायकोची, मंजूची, शिवणाची कात्री. शस्त्र म्हणून दरवर्षी भाजीची सुरी असते. यंदा खरं शस्त्र. म्यानातून काढून हळदकुंकवाची ओली बोटं लावली, शेजारच्या वेंटीतल्या भारतीय दुकानातून आणलेला झेंडू वाहिला. फोटो आईला पाठवला. तिला भरून आलं, मलाही. उद्यापर्यंत पूजा हलवायची नाही.

२ ऑक्टो., गुरु. दसरा
कुंकू पुसलं तर खाली डाग. तांबूस, दोन बोटांएवढा. तेल, पावडर, सगळं झालं. जात नाही. पात्याला उघडं बोट लावायचं नाही, गंज चढतो, हे पहिल्याच दिवशी शिकवलेलं. देवापुढे बसलो आणि साफ विसरलो. श्रीखंड तसंच ठेवून पुन्हा पातं पुसायला बसलो. मंजू म्हणाली, "अरे, आत्ताच कॉल करून सांग ना. संडेपर्यंत असाच तोंड पाडून बसणारेस का?" नाही केला. भित्रा आहे मी.

५ ऑक्टो., रवि.
आज इथली उन्हाळी वेळ सुरू, घड्याळं तासभर पुढे गेली, तरी वेळेआधी पोचलो. क्लास संपून सगळे गेल्यावर गुडघ्यांवर बसलो, तलवार पुढ्यात ठेवली आणि सांगून टाकलं. सेन्सेई चष्मा लावून डाग बघत राहिले. मग विचारलं, कुंकू कशासाठी? म्हटलं, वर्षातून एक दिवस आम्ही हत्याराला कामाला लावत नाही, त्याच्या पाया पडतो.
त्यांनी चष्मा काढला. मग हळू म्हणाले, "माझ्या आजोबांनंतर हिच्यापुढे कुणी वाकलं नव्हतं. मी नुसतं तेल लावत आलो."
तलवार मात्र ठेवून घेतली. मी बूट घालत असताना म्हणाले, पुढच्या रविवारी अर्धा तास लवकर ये, तेल माझ्यासमोर लाव.
मंजूने विचारलं, मग मिळणार का? माहीत नाही म्हटलं. अलार्म मात्र आत्ताच लावून ठेवलाय.