एदुविनामावशीची निळी पिकअप

आदरणीय एव्हारिस्तोदादा,

केब्रादा होंदाहून तुमच्या धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे निकानोरचा, टोपी काढून नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनींचा दमा आणि खाणीच्या वर्कशॉपातला तो तुमचा छळवादी साहेब, तिघांचीही प्रकृती बरी असेल अशी आशा करतो (साहेबाची नसली तरी चालेल). इकडे आम्ही खुशाल. शेळ्या खुशाल. तुमची बहीण क्लोरिंदा खुशाल, पण पोट इतकं पुढे आलंय की चीज दाबताना तिला आडवं उभं राहावं लागतं. बाळ दिवसभर लाथा मारतं आणि कुणाचं ऐकत नाही. मामाच्या वळणावर गेलंय असं सगळे म्हणतात.

पत्रास कारण एक गाडी. घ्यावी की न घ्यावी, आणि घेतलीच तर दुरुस्तीला लागावं की देवाच्या हवाली करावी, याबद्दल तुमच्यासारख्या जाणत्या माणसाचा सल्ला हवा आहे. 'भंगार घेऊ नकोस' हे तुमचं मागचं पत्र मिळालं. पण दादा, तुम्ही पडलात तिकडे कालामाला. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, इथे शेळ्या माझ्याकडे आहेत. पुराने रस्त्याची कड नेल्यापासून दरीतली बस बंद झाली, आणि हॉस्पिटल आहे खाली ओव्हायेला. मागच्या खेपेला बस होती तरी काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. बस सकाळची, आणि कळा काही वेळापत्रक बघून येत नाहीत. वाहन मिळालं नाही आणि आम्ही रिकाम्या हातांनी घरी परतलो. ते पुन्हा व्हायला नको, दादा. मला भीती वाटते. चीज बाजारात न्यायला गाडी हवी असं मी गावात सांगत फिरतो, पण ते सगळं तोंडदेखलं.

तर गाडी म्हणजे एदुविनामावशीची निळी पिकअप. मावशीचे यजमान सेलेदोनियोकाका गेले तेव्हापासून ती कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी उभी आहे. (निळी म्हणायचं ते मावशीच्या शब्दावर. मूळ रंग फक्त टपाच्या आतल्या बाजूला उरलाय.) दुसरा गिअर टाकला की आपण होऊन बाहेर येतो, तो हाताने धरून ठेवावा लागतो. डाव्या बाजूचे पाटे बसलेत, त्यामुळे ती सदा कुणाच्या तरी कानाला लागायला वाकल्यासारखी चालते. रेडिएटर गळतो. शेजारच्या सीटखालचा पत्रा गंजून गेलाय, तिथून खालचा रस्ता दिसतो, आणि मी पहिल्यांदा गाडी बाहेर काढली तेव्हा आत झोपलेली मावशीची कोंबडी त्या भोकातून उतरून चालती झाली. इंजिन मात्र, दादा, इंजिन ऐकाल तर टोपी काढाल. मावशी किंमतही अशी सांगते की दोन बऱ्या शेळ्यांत काम व्हावं. तिथेच खरं तर माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

"मावशी, एवढी स्वस्त का?" मी विचारलं.

"खोड आहे तिला एक," मावशी म्हणाली. "हॉर्न वाजवते."

"हॉर्न वाजवायलाच असतो की, मावशी."

"आपला आपण वाजवते, माठ्या."

आता खाणीच्या शहरात राहून तुम्ही विसरला नसाल तर आठवा. आपल्याकडे रस्त्यात ज्याचा जीव गेला त्याच्या आत्म्यासाठी लोक त्या जागी पत्र्याचं नाहीतर विटांचं एक इवलं घर बांधतात. ती अनिमिता. आत मेणबत्ती, बाहेर कागदी फुलं, आणि तिच्यावरून जाताना प्रत्येक ड्रायव्हरने एकदा हॉर्न वाजवायचा, म्हणजे आत्म्याला सलाम पोचतो आणि आपलं टायर शाबूत राहतं. सेलेदोनियोकाकांनी जन्मभरात एकही अनिमिता चुकवली नाही. मावशीचं म्हणणं, गाडीला आता सवय लागली. काका अंगणातल्या ज्या खुर्चीत गेले तिच्यासमोरून गाडी नेली की ती वाजते. "पहिल्यांदा मला बरं वाटलं," मावशी म्हणाली, "वाटलं, चला, म्हाताऱ्याची कुणीतरी आठवण काढली. पण आता त्या खुर्चीकडे बघवत नाही रे मला." असं म्हणून तिने डोळ्याला शालीचं टोक लावलं आणि लगेच मला बजावलं की खोड सांगितली म्हणून किंमत आणखी कमी होणार नाही.

मी हसलो. वायरिंगची गडबड, दुसरं काय! खड्ड्यात चाक गेलं की वायर टेकते आणि हॉर्न वाजतो, हे शेळीलाही कळेल. आणि अनिमिता असतात कुठे? अपघाताच्या जागी. अपघात होतात कुठे? खड्ड्यात. झालं! मी एवढा खूश झालो की मावशीकडून गाडी आठवडाभर परीक्षेला मागून घेतली. पहिल्या अनिमितेपाशी वाजली. दुसऱ्या अनिमितेपाशी वाजली. मग पाण्याच्या पाटाच्या कडेला, जिथे रस्ता परातीसारखा सपाट आहे, खड्डा नाही आणि अनिमिताही नाही, तिथे ती एकदम एवढ्या मोठ्याने वाजली की माझ्या हातातून दुसरा गिअर सुटला. मी म्हटलं, बघा, वायरिंगच! संध्याकाळी लिबोरियोआजोबांना गंमत म्हणून सांगितलं, तर म्हातारा हातातला माते नावाच्या चहाचा पेला खाली ठेवून म्हणाला, "तिथेच आमच्या आज्याचा खेचरवाला थंडीने गोठून मेला होता. पण ते आता माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही रे." हसणं माझ्या तोंडातच राहिलं.

गावात ही बातमी पसरली आणि लोकांनी उच्छाद मांडला. कुणाला पाहुण्यांच्या विहिरीत कुणी बुडालं होतं का ते तपासून हवं, कुणाला सासरा खरंच कुठे मेला ते बघायचंय. फेर्मिनने नवी जागा घेतलीय, त्याने मला बळेच तिच्यावरून गाडी न्यायला लावली. ती तीनदा वाजली. तेव्हापासून फेर्मिन माझ्याशी बोलत नाही आणि घराचा पाया भरायचं काम थांबलंय. जसा काही मीच तिथे कुणाला पुरलंय!

आणि घरी क्लोरिंदा. तुमची बहीण चिडली की कशी दिसते ते तुम्हाला मी सांगायला नको. "मेलेल्यांना सलाम ठोकणाऱ्या गाडीत बसून मी बाळंतपणाला जाऊ? त्यापेक्षा गाढवावर जाईन, तुझ्या!" (माझ्या गाढवावर की मी गाढव, हे विचारायची हिंमत झाली नाही.) मी म्हटलं, थांब, तुला दाखवतो. हॉर्नची वायर कापली, पाना घेऊन हॉर्नच उपटून काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि तिच्या मांडीवर ठेवला. "घे. आता वाजला तर मी आयुष्यभर तुझी शेळी होऊन चरेन." ती तोंड वाकडं करून बसली, पाय त्या भोकापासून लांब घेऊन. भर दुपार होती. आम्ही खाली निघालो. पहिल्या अनिमितेपाशी काही नाही. दुसरीपाशी काही नाही. पाटापाशीही चिडीचूप. मी शीळ घालू लागलो.

मग ते अंजिराच्या झाडाचं वळण आलं.

दादा, तुम्ही मागच्या खेपेला कालामाहून धावत आलात, चार दिवस राहिलात, लाकडं फोडून दिलीत. पण कुठे झालं, हे तुम्ही विचारलं नाहीत आणि आम्ही सांगितलं नाही. हॉस्पिटलात नव्हतं झालं. आम्ही पायी निघालो होतो, कुणाची तरी गाडी मिळेल म्हणून, आणि त्या अंजिराखाली बसलो ते बसलोच. एकही गाडी आली नाही. ज्याला नाव नाही, बाप्तिस्मा नाही, त्याची अनिमिता कोण बांधतं? आम्हीही नाही बांधली. त्यानंतर त्या वळणावर आम्ही दोघं दरीकडे बघत जातो, एवढंच.

तिथे तो वाजला. क्लोरिंदाच्या मांडीवर, कागदाच्या पुडक्यात, तुटकी वायर लोंबत असताना. नेहमीसारखा ठणाणा नाही. हळू. झोपलेल्या माणसाच्या कानाशी बोलावं इतका हळू. गाडी मी थांबवली की तिची ती थांबली, मला सांगता येणार नाही. मला वाटलं, आता ही किंचाळेल, हॉर्न भिरकावून देईल. तिने तो पुडक्यासकट पोटाशी घट्ट धरला आणि रडू लागली. रडता रडता म्हणाली, "इतक्या गाड्या गेल्या रे इथून. पुढच्या अनिमितेला सगळे वाजवतात. आपल्या बाळाला कुणी म्हणजे कुणी वाजवला नाही. हिनेच पहिल्यांदा." मग बाहीने नाक पुसून, "गाडी घेऊन टाक. आणि आधी ते भोक बुजव."

तर दादा, आता तुम्हीच सांगा, घ्यावी की न घ्यावी? गिअरबॉक्स, पाटे आणि रेडिएटर यांचा विचार करता नाकापेक्षा मोती जड होतोय, हे मलाही कळतं. तुमचा शब्द आमच्यासाठी शेवटचा. वहिनींना नमस्कार, मुलांना पापे.

आपला (जमेल तितका) आज्ञाधारक,
निकानोर

ता. क. गाडी शनिवारीच घेतली. मावशीला सांगितलं की तुम्ही होकार दिलाय, म्हणून कृपया उलट लिहू नका. भोकावर पत्रा मारला. हॉर्न पुन्हा बसवलाय, क्लोरिंदाची आज्ञा.

ता. क. २. स्पेअर पार्ट पाठवू नका, मी ओव्हायेत बघीन. मला खरं मागायचं होतं ते दुसरंच आहे आणि इतकी पानं लिहूनही लिहायला धीर होत नव्हता. तुमच्या हाताला वेल्डिंग सुरेख आहे. पत्र्याचं एक छोटं घर करून द्याल? मेणबत्ती मावेल आणि वारा लागणार नाही, एवढंच. नाव घालू नका, ठेवलंच नव्हतं. दार मात्र उघडता येईल असं करा, आईला आत हात घालता यायला हवा.

ता. क. ३. ते द्यायला बाळंतपणाआधी स्वतः या, आणि अंजिराच्या वळणावर तुमच्या गाडीचा हॉर्न वाजवा. आमची वाजवतेच रोज. पण माणसाने वाजवलेला त्याने अजून ऐकलेला नाही, आणि मी वाजवायला जातो तर माझा हात उठत नाही.