भिंतीवरच्या आजीची भूमिका

कर्जत, मंगळवार संध्याकाळ

मालिकेवाल्या पोरीचा फोन आला. "मॅडम, आजीचा रोल आहे. यायची गरज नाही, फक्त फोटो पाठवा. हार घालून भिंतीवर लावू."

म्हणजे मेलेली आजी! जन्मभर नाटक-सिनेमात दुसऱ्यांच्या आया, सासवा झाले, आणि आता हे? कॉन्व्हेंटमधल्या इंग्रजीत झापलं तिला.

कामवाली सखू ऐकत होती. "बाई, नका देऊ. जित्या माणसाच्या फोटूला हार नाय घालीत."

पण मला राग हाराचा आला, की न बोलावल्याचा? कळत नाही. मालिकेतली सून म्हणे रोज फोटोशी बोलणार. प्रत्येक भागात मी! एवढं काम कधी कुणी दिलं?

नकार देऊनही कपाटातले फोटो काढून बसले. सगळ्यांत मी कडेला, नायिकेच्या मागे. एकटीचा एकही नाही. उद्या शिळफाट्याच्या फोटो स्टुडिओत जाऊन एक काढून घेऊ का?